पगार तारखेचा, खर्च चांदाचा

महिन्याचा हिशेब जुळतो, वर्षाचा जुळत नाही. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरी बसावे तिथे ही तक्रार ऐकू येते. बाई काटकसरी आहे, गडी व्यसनी नाही, मुले हट्टी नाहीत, तरी दोन वर्षांतून एकदा दागिना गहाण पडतोच. विचारले की उत्तर ठरलेले असते : महागाई. महागाई आहेच, ती कोण नाकारतो? पण तीच महागाई, तेवढाच पगार आणि तेवढीच माणसे असलेल्या दोन शेजारच्या घरांपैकी एक कर्जात जाते आणि एक जात नाही, हेही आपण सारे पाहतो. हा फरक कुठून येतो, याचा आम्ही बरीच वर्षे विचार केला आणि विचार करता करता घराची एक पद्धत बसली. तीच इथे मांडत आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. लेखणी एकाच्या हातात आहे, पण हिशेब दोघांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. घरात आम्ही दोघे, अम्मी आणि तीन मुले. एका संस्थेतली कारकुनी आणि घरातले शिलाई मशीन, या दोन गोष्टींवर सहा माणसांचा संसार चालतो. घर वडिलार्जित असल्याने भाडे नाही, हा अल्लाहचा मोठा फजल.

आता मुद्द्याकडे येऊ. पगार इंग्रजी तारखेने येतो. वीजबिल, शाळेची फी, घरपट्टी, गॅस, सारे इंग्रजी तारखेने चालते. पण मुसलमानाच्या घरातले दोन सर्वांत मोठे खर्च, रमजान-ईद आणि बकरी ईद, चांदाने येतात. चांदाचे वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे. म्हणजे इंग्रजी वर्षाच्या मानाने ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. रोजे कधी उन्हाळ्यात येतात, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत, याची गंमतही वाटते. पण ज्या वहीत घराचा हिशेब लिहितो, त्या वहीत हे अकरा दिवस आपण कधी लिहीत नाही.

गेल्या काही वर्षांच्या तारखा पाहा. 2024 ची रमजान ईद 11 एप्रिलला होती. पगार नुकताच झालेला, हातात पैसा खुळखुळत होता. 2025 ची ईद आली 31 मार्चला. महिन्याचा शेवटचा दिवस, त्यात आर्थिक वर्षाची अखेर. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली दारात आणि पगार ईदनंतर! खर्च तोच, माणसे तीच. फक्त ईद अकरा दिवस अलीकडे आली आणि कितीतरी घरांना उसनवारी करावी लागली. बकरी ईदचेही तसेच. 2023 ला ती 29 जूनला होती, 2024 ला 17 जूनला, 2025 ला 7 जूनला. सलग तीन वर्षे शाळा उघडणे आणि कुर्बानी एकाच महिन्यात. वह्या, दप्तर, गणवेश, फी आणि त्यातच बोकडाचा सौदा. आता ती सरकत सरकत मे महिन्यात जाते आहे. म्हणजे शाळेच्या खर्चातून सुटका, पण लग्नसराईशी गाठ.

यात अचानक असे काही नाही. पुढच्या वीस वर्षांच्या ईदा साधारण कोणत्या आठवड्यात येतील हे आजच सांगता येते. चांद दिसण्यावर एखाद-दुसरा दिवस पुढेमागे होईल, एवढेच. 2030 साली तर इन्शाअल्लाह एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल : जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. ज्याच्या वहीत वर्षाला एकच रमजान मांडलेला असेल, त्याला त्या साली दुसऱ्या रमजानची सहरी-इफ्तारी डिसेंबरच्या पगारातून काढावी लागेल.

आमच्या अम्मी शाळा फारशा शिकलेल्या नाहीत, पण हे गणित त्यांना तोंडपाठ आहे. 2014, 2015 आणि 2016 या तिन्ही वर्षी रमजान ईद जुलैत आली होती. अम्मी सांगतात, "त्या वर्षी शेवया उन्हाळ्यातच करून डब्यात बंद केल्या. ऐन पावसात शेवया वाळवायच्या कुठे? ईद बघून उन्हाळा थांबत नाही, आपणच आधी उठायचं." घरखर्चाचा सारा सिद्धांत या वाक्यात आला. शेवयांचे जे, तेच पैशाचे. खर्चाच्या आधी त्याला ऊन दाखवून ठेवावे लागते.

म्हणून आमच्या घरात दोन डबे आहेत. एकाला मुले ‘तारखेचा डबा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘चांदाचा डबा’. महिन्याचा चालू खर्च पगारात भागवायचा : किराणा, दूध, भाजी, अंडी, मटण, गॅस, वीज, पेट्रोल, अम्मींचे औषध, मुलांची शिकवणी आणि फूफीअम्मींना दरमहा जाणारे हजार रुपये. पगार चोवीस हजार, हा खर्च एकवीस हजार. उरले तीन हजार. मशीनचे पैसे महिन्याच्या खर्चात अजिबात धरायचे नाहीत, हा पक्का नियम. कारण शिलाईचे काम हंगामी असते. दिवाळीपूर्वी शेजारच्या बायकांचे ब्लाउज, लग्नसराईत फॉल-पिको, रमजानपूर्वी मुलींचे ड्रेस. एखाद्या महिन्यात सात-आठ हजार मिळतात, एखाद्या महिन्यात पाचशेही मिळत नाहीत. जो पैसा हंगामाने येतो तो हंगामी खर्चालाच लावावा. वर्षाकाठी ते बेचाळीस हजारांच्या आसपास होतात. पगारातले उरलेले छत्तीस हजार मिळून अठ्ठ्याहत्तर हजार झाले.

आता वर्षाचे मोठे खर्च सात. रमजान आणि ईद सोळा हजार, कुर्बानी चौदा हजार, जूनमधली शाळा तेरा हजार, वर्षाचे धान्य आणि चटणी बारा हजार, नात्यातली लग्नकार्ये आठ हजार, दवाखाना सहा हजार, घरपट्टी-पाणीपट्टी तीन हजार. एकूण बहात्तर हजार. वर्षाला सहा हजार शिल्लक. फार नाहीत, पण शिल्लक आहे, उधारी नाही.

या सात खर्चांपैकी दोनच चांदाचे आहेत, बाकी पाच तारखेचे. पाचांची बेरीज बेचाळीस हजार, म्हणून तारखेच्या डब्यात दर पगाराला साडेतीन हजार पडतात. दोन ईदांचे तीस हजार होतात. ते आम्ही इंग्रजी महिन्यांनी गोळा करत नाही. समजा, बारा इंग्रजी महिन्यांत अडीच-अडीच हजार टाकायचे ठरवले, तर पुढची ईद अकरा दिवस आधी येऊन ठेपते आणि डब्यात नऊशे रुपये कमी पडतात. तीन वर्षांत ही तूट सबंध एका महिन्याच्या हप्त्याएवढी होते. म्हणून चांदाचा डबा चांदानेच भरायचा. रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंत जेमतेम सत्तर दिवस असतात. हे खर्चाचे दिवस. मग मोहरमपासून शाबानपर्यंत आठ महिने हाताला फुरसत असते. या आठ महिन्यांत, नवा चांद दिसला की त्या संध्याकाळी, डब्यात पावणेचार हजार टाकायचे. आठ चांदांत तीस हजार पुरे होतात. रमजान उजाडतो तेव्हा रमजानचा पैसा घरात असतो. मग ईद महिन्याच्या पाच तारखेला येवो की एकतीस तारखेला, आमच्या स्वयंपाकघराला ते कळतही नाही.

एखाद्या चांदाला पावणेचार हजार नसतात. मशीन बंद असते, कोणी आजारी असते. मग हजार टाकायचे आणि वहीत बाकी लिहायची. शिलाईचा हंगाम आला की आधी ती बाकी फेडायची, मग नवी खरेदी. स्वतःच्याच घराचे कर्ज, पण कर्ज ते कर्ज.

काही लोकांना वाटते की एवढी बेगमी करणे म्हणजे तवक्कुल कमी असणे. जो देणारा आहे तो उद्याही देईल, असे ते म्हणतात. त्यांच्या इमानाला आमचा सलाम. पण सहीह बुखारीत येते की प्रेषित मुहम्मद (स.) बनू नजीरच्या बागांतल्या खजुरातून आपल्या घरच्यांसाठी वर्षभराची रसद ठेवत असत. त्यांच्याहून अधिक तवक्कुल कोणाचा? हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाला स्वप्नाचा अर्थ सांगितला, तो तर उघड उघड चौदा वर्षांचा अर्थसंकल्पच होता : सात वर्षे पिकवा, खाण्यापुरते काढा, बाकीचे कणसातच राहू द्या, पुढची सात वर्षे त्यावर निभावतील. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) आजारी पडले आणि आपली मालमत्ता दान करायची म्हणाले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे म्हटले. वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागेल असे सोडून जाण्यापेक्षा त्यांना खाऊनपिऊन सुखी सोडणे बरे, हा त्यातला उपदेश. तेव्हा डबा भरून ठेवणे हे दीनच्या बाहेरचे काम नव्हे.

डबे झाले, पण डब्यांनी घर वाचत नाही. काटकसर कुठे करायची, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्याकडे काटकसर म्हटले की आधी स्वयंपाकघर आठवते. दूध अर्धा लिटर कमी करा, मुलांचे अंडे बंद करा, चहापत्ती हलकी आणा. चहापत्ती हलकी आणून महिन्याला शंभर रुपये वाचले, म्हणजे वर्षाचे बाराशे. आणि तेच घर मंगनीच्या दिवशी पाहुण्यांना द्यायच्या पाकिटांवर एका संध्याकाळी पाच हजार घालते. चार वर्षांचा बेचव चहा त्या एका संध्याकाळी वाहून जातो, वर दोनशे रुपये अंगावर राहतात. पोटावर केलेली काटकसर अशी रिवाजाच्या ताटात पडते. आमच्या घरात म्हणून उलटा नियम आहे. पोटाला कात्री नाही, औषधाला कात्री नाही, शिक्षणाला कात्री नाही. कात्री लावायची ती रिवाजाला.

त्यासाठी प्रत्येक मोठ्या खर्चापुढे वहीत एक अक्षर लिहितो. फर्ज किंवा वाजिब असेल तर ‘फ’, सुन्नत असेल तर ‘स’, घराची गरज असेल तर ‘ग’, आणि नुसता रिवाज असेल तर ‘र’. हात आखडायची वेळ आली की आधी ‘र’ जातो. मग लक्षात येते की आपल्याकडचा बराच पैसा ‘र’ पुढेच लिहिलेला असतो. ईदची नमाज आणि त्याआधी द्यायचा फित्रा ‘फ’ आहे. घरातल्या तान्ह्या बाळाचाही फित्रा काढावा लागतो. अंगावर स्वच्छ, असतील त्यातले चांगले कपडे घालणे ‘स’ आहे. पण प्रत्येकाला नवा जोड, आणि तोही चांदरातीच्या गर्दीत दुप्पट भावाने, हा ‘र’ आहे. आमच्याकडे मुलांचे कपडे शाबान लागण्याआधीच मशीनवर शिवून होतात. एका वर्षी कापड, पुढच्या वर्षी चप्पल-बूट. मुलांना हे माहीत असते, म्हणून रडारड होत नाही. शिरखुर्म्याचे बेदाणे तासगाव-सांगलीकडच्या नव्या मालातून घेतो. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि तेव्हाच द्राक्षांचा हंगाम असतो, ही आमच्या भागाची सोय.

कुर्बानीबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. कुर्बानी वाजिब होते ती साहेबे निसाबवर. साडेसात तोळे सोने, म्हणजे 87.48 ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे 612.36 ग्रॅम, किंवा चांदीच्या त्या किमतीएवढी गरजेबाहेरची रक्कम वा माल. कित्येक घरांत नवऱ्याकडे यातले काहीच नसते. असते ते बायकोकडे, मेहरच्या आणि माहेरच्या दागिन्यांच्या रूपात. तरी दरवर्षी कुर्बानी नवऱ्याच्या नावाने होते आणि जिच्यावर ती वाजिब आहे तिचे नावही निघत नाही. आणि ज्यांच्या घरात दोघांपैकी कोणीच साहेबे निसाब नाही, ते लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढून बोकड आणतात. अल्लाहने ज्याच्यावर ओझे टाकले नाही, त्याच्यावर ते मोहल्ल्याने का टाकावे? बोकड परवडत नसेल आणि कुर्बानी वाजिब असेल तर मोठ्या जनावरात सात हिस्से असतातच. आमच्या घरात बाईच्या दागिन्यांमुळे कुर्बानी वाजिब आहे, म्हणून ती तिच्या नावाने होते, एकच होते. मसला प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. फक्त विचारावा, एवढेच आमचे म्हणणे.

जकातीचेही चांदाशीच नाते आहे. जकात अडीच टक्के, पण ती चांदाच्या वर्षावर. जो माणूस 31 मार्चच्या हिशेबाने जकात काढतो, त्याचे वर्ष अकरा दिवसांनी लांब होते. तेहतीस इंग्रजी वर्षांत चांदाची चौतीस वर्षे होतात. म्हणजे एका पिढीत एका सबंध वर्षाची जकात न कळत अंगावर राहते. कोणाला इंग्रजी तारखेनेच हिशेब ठेवणे भाग असेल, तर दर अडीच ऐवजी सुमारे 2.58 टक्के धरावा लागतो. पण सोपा मार्ग म्हणजे चांदाची एक तारीख ठरवणे. आमची तारीख रमजानची पहिली आहे. त्या दिवशी दागिने तोलून, त्या दिवसाचा भाव लावून, कागदावर आकडा लिहिला जातो. त्यातला हिस्सा आधी नात्यात जातो, आमच्या एका विधवा खालांना. आईवडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, त्यांचे करणे आपले कर्तव्यच आहे. पण गरजू फूफी, खाला, भाऊ-बहीण यांना देता येते, आणि त्यात जकातही होते, नातेही जपले जाते.

सर्वांत अवघड ‘र’ मयतीच्या घरचा. घरातला कर्ता गेलेला असतो, दवाखान्याने आधीच घर रिकामे केलेले असते, आणि त्या घराने लोकांना जेवू घालायचे असते. हजरत जाफर (र.) शहीद झाल्याची खबर आली तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, कारण त्यांच्यावर दुःख कोसळले आहे. जेवण शेजाऱ्यांनी पोचवायचे होते. आपण ते उलटे करून टाकले. आमच्या गल्लीत आता सात-आठ घरांनी मिळून ठरवले आहे. मयत झालेल्या घरी तीन दिवस चूल पेटवू द्यायची नाही. एक घर भाकरी, एक घर वरण, एक घर चहा. प्रत्येकाला शंभर-दोनशेचा खर्च येतो आणि एका घराचे पंधरा-वीस हजार वाचतात. त्या पैशात एका विधवेचे दोन महिने निघतात. काटकसर एकट्या घराने केली तर तिला कंजूषपणा म्हणतात. गल्लीने मिळून केली की तीच सुन्नत होऊन जाते.

कंजूषपणा म्हणजे बुख्ल आणि उधळपट्टी म्हणजे इस्राफ, या दोन्हींतून कुरआनने वाट काढून दिली आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यात एक हेही आहे की ते खर्च करताना उधळत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. या दोहोंच्या मध्ये चालतात. मधली वाट कुठे संपते हे कसे ओळखावे? आमच्या घरची खूण अशी : वहीतल्या ज्या बचतीमुळे दुसऱ्याचा हक्क मारला जातो, तिला बचत म्हणायचे नाही. फूफीअम्मींचे हजार रुपये म्हणूनच वहीत सर्वांत वर लिहिलेले असतात, किराण्याच्याही वर. मोलकरणीची मजुरी, दूधवाल्याचे बिल, रिक्षावाल्याचे पाच रुपये, यांत घासाघीस नाही. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसीचा भाव असा की अल्लाहच्या मार्गात, गुलाम सोडवण्यात, गरिबाला देण्यात आणि आपल्या घरच्यांवर खर्चलेल्या दिनारांपैकी सर्वांत मोठा सवाब घरच्यांवर खर्चलेल्या दिनाराचा आहे. तेव्हा मुलाच्या दुधात पाणी घालून भिशी भरणेही शहाणपणाचे नाही.

भिशीचा विषय निघालाच आहे. व्याज घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही, मग मोठी रक्कम एकदम हाती यावी कशी? बायकांची भिशी हा त्यावरचा जुना आणि हलाल उपाय आहे. बारा जणी, दरमहा हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. आमच्या भिशीत चिठ्ठी टाकत नाहीत, गरज विचारतात. कोणाच्या मुलीची फी जूनमध्ये आहे, कोणाचे बाळंतपण दिवाळीत आहे, त्याप्रमाणे नंबर लागतात. पण एक नियम कडक आहे : सारे लिहायचे. नाव, तारीख, रक्कम, सही. ओळखीच्या बायकांतच भिशी करायची, आणि जी रक्कम बुडाली तर घर बुडेल एवढी त्यात कधी घालायची नाही.

लिहिण्याबद्दल लोक फार संकोचतात. घरच्या माणसाला दिलेले पैसे कसे लिहावे, त्याला काय वाटेल? कुरआनमधली सर्वांत लांब आयत कोणती, हे मुलांना विचारून पाहावे. ती सूरह बकराची 282 वी आयत आहे, आणि ती नमाज-रोजावर नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहा, साक्षीदार ठेवा, असे त्यात सांगितले आहे. 2025 च्या ईदच्या तीन-चार दिवस आधी आमच्या शेजारचे एक रिक्षावाले भाई रात्री आले. रिक्षा गॅरेजमध्ये, घरात ईद, हातात काही नाही. तीन हजार हवे होते. गावात बचत गटाच्या नावाने आठवड्याला हप्ता नेणारे कर्जवाले आहेत, त्यांच्याकडे जायचे त्यांच्या मनात होते. चांदाच्या डब्यातून तीन हजार काढून दिले, कर्जे हसना म्हणून. त्यांच्यासमोरच वहीत लिहिले. आमच्या थोरल्या मुलीने लिहिले, त्यांनी सही केली, अम्मी साक्षीदार. लिहिले म्हणून त्यांना वाईट वाटेल असे आम्हाला वाटले होते. ते म्हणाले, "बरं झालं लिहिलंत. आता मान खाली घालून आलो नाही, व्यवहाराने आलो असं वाटतंय." मोहरमपर्यंत त्यांनी पैसे फेडले. त्या वर्षी आमच्या दस्तरखानावर दोन पदार्थ कमी होते. त्यांचे घर मात्र व्याजाच्या दारात गेले नाही.

काटकसरीने आम्ही श्रीमंत झालो नाही, होणारही नाही. पण मोहल्ल्यातले एक घर व्याजाच्या दारात जाण्याआधी तीन हजार काढून देता येतील एवढा डबा प्रत्येक गल्लीत चार घरांत असला, तर ईदच्या आधी सोने तारणावर कर्ज देणाऱ्यांच्या दुकानासमोर आपल्या बायकांची जी रांग लागते ती कमी होईल. त्या रांगेतल्या प्रत्येकीच्या रुमालात तिचा मेहर असतो. मेहर तिचा हक्क आहे, तिच्या अडचणीच्या दिवसाचा आधार आहे. एका दिवसाच्या रिवाजासाठी तो गहाण पडतो आणि व्याज भरता भरता पुष्कळदा परत येत नाही. हे थांबवायचे असेल तर भाषणांनी थांबणार नाही. ते स्वयंपाकघरातल्या डब्याने आणि वहीने थांबेल.

सुरुवात करायला मोठी रक्कम लागत नाही. दहा रुपयांची वही आणि झाकणाचा एक डबा पुरे. पहिल्या पानावर आपल्या घरचे वर्षाचे मोठे खर्च लिहावेत आणि प्रत्येकापुढे तो तारखेचा आहे की चांदाचा ते लिहावे. पुढच्या पाच वर्षांच्या दोन्ही ईदा कोणत्या इंग्रजी महिन्यात येतात ते कॅलेंडर पाहून मांडावे. मग फ, स, ग, र. हे काम नवऱ्याने एकट्याने करू नये आणि बायकोवर एकटीवर टाकूही नये. मुलांना शेजारी बसवावे. मुलगी हिशेब लिहील, मुलगा बेरीज करील. ज्या मुलाला घरात किती येते आणि कुठे जाते हे ठाऊक असते, तो दुकानात हट्ट धरत नाही. येत्या चांदाला शंभर रुपये पडले तरी चालतील. पण ते चांद पाहून, दुआ करून, सर्वांच्या देखत पडावेत.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो, आपले हात देणारे ठेवो आणि कोणाही बहिणीचा मेहर गहाण पडू न देवो. आमीन.